स्वस्त व्हिडिओ गेमचे मोल : क्योटो ते येलदरी

1/ येलदरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. पूर्णा नदीवर 1968 साली पूर्ण झालेले धरण आणि त्याला लागून 22.5 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र, ही या गावाची ओळख. मराठवाड्यातील अशा गावांत 1990 नंतर वाढलेल्या पिढीने 'व्हिडिओ गेम' म्हणून जी वस्तू पाहिली, ती म्हणजे प्लास्टिकचे हलके खोके, वायरने जोडलेले दोन रिमोट आणि वरून खोचायची कॅसेट. ही वस्तू कोठून आली, कशी बनली आणि तिचे खरे मोल किती होते, याचा हा थ्रेड.

2/ नवे स्वस्त कन्सोल येणार अशी बातमी आली की आजही चर्चा एकाच कागदाभोवती फिरते : प्रोसेसर कोणता, मेमरी किती, किंमत काय. भारतातील स्वस्त व्हिडिओ गेमचा इतिहास मात्र सांगतो की तो कागद हिशेबाचा एक भाग आहे. उरलेला हिशेब आयातीच्या नियमांत, घरातल्या पडद्यात, विजेच्या तारेत आणि लेखकाच्या हक्कांत दडलेला असतो.

3/ आरंभ जपानमधील क्योटो शहरात. निंटेंडो ही 1889 साली स्थापन झालेली, हानाफुदा नावाचे पत्ते बनवणारी कंपनी. 1980 च्या दशकारंभी तिचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी मासायुकी उएमुरा या अभियंत्याकडे काम सोपवले : कॅसेट बदलून खेळता येणारे यंत्र बनवा, आणि ते शक्य तितके स्वस्त ठेवा. 15 जुलै 1983 रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजेच फॅमिकॉम, 14,800 येनला बाजारात आला. सेगा कंपनीचे एसजी-1000 हे यंत्र त्याच दिवशी 15,000 येनला आले.

4/ किंमत खाली कशी आली? यंत्राचा मेंदू होता 6502 या प्रोसेसरवर आधारलेला. मॉस टेक्नॉलॉजीने 1975 मध्ये हा प्रोसेसर 25 डॉलरला विकायला काढला, तेव्हा स्पर्धकांच्या किमती त्याच्या कैक पट होत्या. फॅमिकॉमसाठी चिप बनवण्याचे काम रिको कंपनीकडे गेले. चिप स्वस्तात मिळावी म्हणून यामाउचींनी रिकोला 30 लाख चिपच्या खरेदीची हमी दिली. एकही यंत्र विकले गेले नसताना दिलेली ही हमी होती. स्वस्ताईचे पहिले सूत्र येथे दिसते : आधी संख्या मोठी मानायची, मग किंमत लहान करायची.

5/ आता यंत्र उघडून पाहू. प्रोसेसरचा वेग सुमारे 1.79 मेगाहर्ट्झ. मुख्य मेमरी 2 किलोबाइट, म्हणजे 2,048 बाइट. हा आकडा किती लहान? आज देवनागरीतील एक चिन्ह साठवायला सामान्यतः 3 बाइट लागतात. म्हणजे फॅमिकॉमच्या मुख्य मेमरीत देवनागरीची जेमतेम 682 चिन्हे मावली असती. 

6/ एवढ्या जागेत खेळ कसा उभा राहिला? चित्रांचे तुकडे कॅसेटमधील कायमस्वरूपी चिपमध्ये असत आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा वापरले जात. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ 40 किलोबाइटचा आहे. त्यातील आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे. फक्त रंग बदलला आहे. एका आडव्या रेषेवर आठपेक्षा जास्त हलत्या आकृती दाखवता येत नसत. म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकू लागत. मुलांना तो टीव्हीचा दोष वाटे. ती यंत्राची मर्यादा होती.

7/ काटकसर आणखी कोठे झाली? दोन्ही रिमोट यंत्राला कायमचे जोडले होते. स्वतंत्र प्लगचा खर्च वाचला. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जपानी फॅमिकॉममध्ये कुलूप नव्हते. परक्या कॅसेटला अडवणारी चिप निंटेंडोने 1985 मध्ये अमेरिकेत आणलेल्या आवृत्तीत घातली. तोपर्यंत जपानी आवृत्तीची रचना जगापुढे उघडी पडली होती. ती 60 पिनांची कॅसेट कोणालाही बनवता येत होती.

8/ त्या उघड्या दारातून तैवान आत आला. यूएमसी ही तैवानी चिप-कंपनी फॅमिकॉमच्या मेंदूच्या आणि चित्रचिपच्या प्रतिकृती बनवू लागली. त्या चिप विकत घेऊन अनेक उत्पादकांनी स्वतःची खोकी तयार केली. 'मायक्रो जीनियस' हे त्यांतले गाजलेले नाव. आता यंत्र बनवायला संशोधन नको होते. चिप, सर्किट बोर्ड, साचा आणि रंगीत खोके एवढे भांडवल पुरेसे होते.

9/ जेथे मूळ कंपनी पोहोचली नाही तेथे प्रतिकृती पोहोचल्या. रशियात 1992 च्या अखेरीस 'डेन्डी' नावाने हे यंत्र आले आणि घराघरांत गेले. चीनमध्ये 'सुबोर' कंपनीने त्याला कीबोर्ड जोडून 'शिकण्याचे यंत्र' म्हणून विकले. जाहिरातीत जॅकी चॅन होता. सुबोर नावारूपाला आणणारे दुआन योंगपिंग 1995 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी बीबीके ही कंपनी काढली. ओप्पो आणि विवो हे ब्रँड तिच्याच परिवारातून पुढे आले. मराठवाड्यातील अनेक तरुणांच्या हातातल्या फोनची वंशावळ अशी एका नकली फॅमिकॉमपर्यंत जाते.

10/ भारताची गोष्ट आयातीच्या नियमांपासून सुरू होते. 1991 च्या आर्थिक सुधारणांनी उद्योगांचे परवाने सैल केले, पण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध बराच काळ टिकले. त्यांतले उरलेले निर्बंध 1 एप्रिल 2001 रोजी उठले. म्हणजे संपूर्ण नव्वदच्या दशकात परदेशी कन्सोल भारतात सरळ मार्गाने आणणे हा अवघड आणि महाग व्यवहार होता.

11/ किती महाग? 1995 मध्ये सेगाने शॉ वॉलेस या भारतीय कंपनीमार्फत 'मेगा ड्राइव्ह' भारतात आणला. 80 टक्के आयात शुल्कातून वाट काढण्यासाठी हा करार झाला होता, आणि तरीही एका यंत्राची किंमत 18,000 रुपये होती. तुलनेसाठी : 1 जानेवारी 1996 पासून लागू झालेल्या पाचव्या वेतन आयोगात प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी 4,500 रुपयांपासून सुरू होत असे. म्हणजे गावातल्या गुरुजींचे चार महिन्यांचे मूळ वेतन, आणि कॅसेटचा खर्च निराळा.

12/ मधली ही दरी प्रतिकृतींनी भरली. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची खोकी भारतीय दुकानांत दिसू लागली. पुढे मुंबईच्या मिताशी या कंपनीने टीव्ही गेम हा मालाचा एक मोठा वर्गच उभा केला. 2000 च्या दशकात अशा यंत्राची किंमत शेकड्यांवर आली. जे विकत घेऊ शकत नव्हते, ते दुकानात तासाच्या भाड्याने खेळत. 'कन्सोल' हा शब्द त्या व्यवहारात नव्हताच. यंत्राला 'व्हिडिओ गेम' म्हणत आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'.

13/ किंमत शेकड्यांवर आली याचे तांत्रिक कारण एका काळ्या ठिपक्यात आहे. मूळ यंत्रात प्रोसेसर, चित्रचिप आणि मेमरी वेगवेगळ्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून हे सारे एकाच चिपमध्ये बसवले जाऊ लागले. ती चिप सर्किट बोर्डावर थेट चिकटवून वर काळ्या राळेचा थेंब टाकला जाई. खोके मोठे दिसले तरी आत तळहाताएवढा बोर्ड आणि बाकी पोकळी असे. काही खोक्यांत वजन यावे म्हणून लोखंडाचा तुकडाही बसवलेला असे.

14/ या थेंबाची दुसरी बाजू दुरुस्तीची. रिमोटची तुटलेली वायर, अ‍ॅडाप्टर, चालू-बंदचे बटण हे सगळे तालुक्याच्या गावातला रेडिओ-टीव्ही मेकॅनिक डाग देऊन जुळवू शकत होता. थेंबाखालची चिप बिघडली की मात्र यंत्र संपले. कॅसेट चालेना म्हणून तिच्यात फुंकर मारण्याची जगभरची सवय येथेही होती. प्रत्यक्षात गुण येई तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. फुंकरीतील ओलावा पिनांना गंजच चढवी. खरेदीची किंमत कमी, पण आयुष्यही कमी : हे स्वस्त हार्डवेअरचे दुसरे सूत्र.

15/ एक सूक्ष्म फरक वेगाचा. जपानी टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र बदले. भारतातील पॅल पद्धतीत हा आकडा 50. बहुतेक खेळांची चाल चित्रांच्या संख्येला बांधलेली होती. त्यामुळे पॅल पद्धतीच्या प्रतिकृतींवर तोच खेळ सुमारे एक-षष्ठांश मंद चाले. म्हणजे अशा यंत्रावर मारिओ खेळलेल्या भारतीय मुलाचा मारिओ जपानी मुलाच्या मारिओपेक्षा सावकाश पळत होता, आणि दोघांनाही आपलाच वेग खरा वाटत होता.

16/ आता खोक्यावर न छापलेली किंमत. या यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता. तो घरातल्या टीव्हीकडून उसना घ्यावा लागे. 2001 च्या जनगणनेनुसार भारतातील ग्रामीण घरांपैकी 18.9 टक्के घरांत टीव्ही होता. प्रकाशासाठी वीज वापरणारी ग्रामीण घरे 43.5 टक्के होती. शेकड्यांतले यंत्र हजारोंच्या टीव्हीवर उभे होते. ज्या घरी टीव्ही नाही, त्या घरासाठी स्वस्त व्हिडिओ गेम स्वस्त नव्हताच. तो शेजारच्या घरी जाऊन पाहायची वस्तू होता.

17/ आणि वीज. येलदरीच्या केंद्रात निर्माण होणारी वीज राज्याच्या जाळ्यात जाते. निर्मितीसाठी वापरलेले पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात पोहोचते आणि सिंचनाला लागते. वीजकेंद्र शेजारी असणे आणि घरात वीज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने तीव्र भारनियमन पाहिले, आणि त्याचा मोठा भार ग्रामीण भागाने सोसला. गावागावांत दिनक्रम भारनियमनाच्या वेळापत्रकावरून ठरू लागला.

18/ येथे हार्डवेअर आणि गाव यांची गाठ पडते. फॅमिकॉमची ती 2 किलोबाइट मेमरी वीज असेपर्यंतच स्मरणात ठेवते. खेळ जतन करायचा तर कॅसेटमध्ये स्वतंत्र मेमरी आणि लहान बॅटरी लागे. काही महागड्या मूळ कॅसेटमध्ये ती होती. स्वस्त कॅसेटमध्ये ती सहसा नसे. परिणाम असा की आठव्या जगापर्यंत पोहोचलेला मारिओ, लाइट गेली की, पहिल्या जगात परत. टोकियोतल्या मुलासाठी ही क्वचितची अडचण होती. भारनियमनाच्या गावात ती खेळाचा नियमच झाली : लाइट जाण्याआधी जे होईल ते.

19/ या यंत्राशेजारी महाराष्ट्रातलाच दुसरा प्रयोग ठेवून पाहावा. अमेरिकेतील 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाने 100 डॉलरच्या लॅपटॉपचे स्वप्न मांडले. 2006 मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने त्यात सहभागी होण्यास नकार दिला. तरीही 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाडा येथील एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत हे लॅपटॉप आले, 22 मुलांसाठी. त्या यंत्राला स्वतःचा पडदा होता, बॅटरी होती आणि वीज अत्यल्प लागे. टीव्ही आणि अखंड वीज गृहीत न धरता केलेली ही रचना होती.

20/ मात्र 2007 च्या अखेरीस त्याची किंमत 188 डॉलरवर गेली होती, आणि ते दुकानात मिळत नव्हते. ते सरकारने किंवा दात्याने आणावे लागे. नकली व्हिडिओ गेमची रचना याच्या उलट : पडदा तुमचा, वीज तुमची, जबाबदारी कोणाचीच नाही; पण बाजारात जाऊन कोणीही घ्यावा. एकाने गावाची अडचण ओळखली आणि किंमत हुकवली. दुसऱ्याने किंमत साधली आणि अडचण गावावर सोडली. कोणते यंत्र चांगले होते, याचे उत्तर कोणता खर्च मोजायचा यावर अवलंबून आहे.

21/ चौथा हिशेब हक्काचा. '9999 इन 1' असे छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मूठभर खेळ असत. तोच खेळ वेगळ्या पातळीपासून किंवा जास्त जीव देऊन नव्या क्रमांकाने यादीत येई. ही फसवणूक मुलांच्या लवकर लक्षात येत असे. लक्षात न येणारी गोष्ट वेगळी : अनेकदा खेळाच्या पहिल्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव आणि वर्ष पुसलेले असे. 'काँट्रा' कोनामीचा, 'बॅटल सिटी' नाम्कोचा, हे कित्येकांना खूप नंतर कळले.

22/ कायदा तेव्हा अस्तित्वात होता. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश झाला होता. पेटंटचे आयुष्य साधारण 20 वर्षे, त्यामुळे फॅमिकॉमच्या हार्डवेअरवरील मूळ पेटंटे 2000 च्या दशकात संपत गेली. खेळांचे कॉपीराइट मात्र संपले नाहीत. म्हणजे खोके काळाच्या ओघात वैध होत गेले तरी आतले खेळ अवैधच राहिले. यंत्र शेकड्यांत मिळण्याचे एक कारण हेही होते की खेळ लिहिणाऱ्यांना काहीच दिले गेले नाही.

23/ मग या वस्तूला चोरी म्हणायचे की संधी? मूळ खेळकर्त्यांवर अन्याय झाला, हे निर्विवाद. त्याच वेळी परभणी जिल्ह्यातील मुलासमोर कायदेशीर पर्याय 18,000 रुपयांचा होता, म्हणजे नव्हताच. नकली यंत्राने कंपनीचे तेथील गिऱ्हाईक पळवले असे म्हणता येत नाही, कारण ते गिऱ्हाईक कंपनीने कधी शोधलेच नव्हते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही दोन्ही विधाने एकत्र सांभाळायला हवीत. एक लपवले तर आठवणींचे गोडवे उरतात, दुसरे लपवले तर नुसता आरोप.

24/ हा हिशेब आज पुन्हा उपयोगी आहे. हजारो जुने खेळ भरलेली स्वस्त हातातली यंत्रे आणि टीव्हीला लावायच्या कांड्या सध्या ऑनलाइन विकल्या जातात, आणि नवी स्वस्त कन्सोलही येत राहतील. त्यांच्याबाबत प्रोसेसरच्या आधी चार प्रश्न विचारावेत. सोबत काय विकत घ्यावे लागेल? वीज किंवा इंटरनेट गेले की काय उरते? बिघडले तर दुरुस्त कोण करेल? आणि किंमत इतकी कमी आहे, तर कोणाचा मोबदला वगळला आहे?

25/ निंटेंडोने 2003 मध्ये फॅमिकॉमचे उत्पादन थांबवले. तोपर्यंत जगभरात 6 कोटी 19 लाखांहून अधिक अधिकृत यंत्रे विकली गेली होती. उएमुरा 2021 मध्ये वारले. मूळ यंत्राचा इतिहास आकड्यांसह नोंदलेला आहे. प्रतिकृतींचा तसा नाही. नकली वस्तूची विक्री तिचा निर्माता नोंदवून ठेवत नाही, आणि वापरणारे ती भंगारात देतात. आपल्या गावांपर्यंत जे यंत्र खरोखर पोहोचले, त्याचीच कागदपत्रे सर्वांत कमी आहेत.

26/ म्हणून माळ्यावर असे खोके सापडले तर भंगारवाल्याला देण्याआधी चार स्क्रू काढून बोर्डाचा फोटो घ्यावा. चिपवर क्रमांक आहे की काळा थेंब, अ‍ॅडाप्टरवर व्होल्ट किती, खोक्यावर विक्रेत्याचा पत्ता कोणता, बिलावर तारीख आणि रक्कम काय, एवढे टिपावे. यंत्र कोणी, कधी आणि कोणत्या पैशातून आणले, हे घरातल्या मोठ्यांना विचारावे. येलदरीपर्यंतच्या या प्रवासाचा शेवटचा टप्पा अशाच नोंदींतून लिहिला जाईल.

थ्रेड समाप्त.